गाव गप्प झालं ती संध्याकाळ

अक्काच्या घरातल्या शेगडीला जाळ नव्हता. काळ्या लोखंडाची एक चकती होती. बटण फिरवलं की ती हळूहळू लाल व्हायची आणि बंद केल्यावरही, कुणी आत दबा धरून बसल्यासारखी, कितीतरी वेळ तापलेलीच राहायची. तिच्यावर भाकरी भाजता यायची, पण फुगवायची कशावर? तव्यावरून उतरवून चकतीवर टाकली की ती करपायची, पण पापुद्रा काही सुटायचा नाही. पहिल्या दिवशी तशा चार भाकरी मी ताटात ठेवल्या आणि न्हाणीघरात जाऊन रडले. तिथं भिंतीवर इतका मोठा आरसा होता की रडतानाही आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं वाटे. दाजी बाहेरून म्हणाले, "अगं विमल, भाकरी फुगली नाही म्हणून कुणी मरत नाही. ये बाहेर." अक्का हसत होती. दाजींनी त्या चारही भाकरी तेल-तिखटाबरोबर खाल्ल्या आणि वर म्हणाले, "धुळ्याला आमच्या घरी याहून वाईट होतात." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दाजी पश्चिम जर्मनीत मशीनच्या कारखान्यात नोकरीला होते आणि हॅम्बर्गपासून रेल्वेनं तासाभरावरच्या एका लहानशा गावात दोघं राहत होती. अक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलं होतं आणि मायचा दमा असा की पिंप्राळ्याहून जळगावच्या बाजाराला जायचं तरी वाटेत तीनदा बसावं लागे. तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून म्हणाले, "पोर माहेरले येत नही, मंग आपन माहेरच तठे धाडी देऊत." माहेर म्हणजे मी. माझी शाळा आठवीतच सुटली होती, मायला चुलीपुढं धूर सोसेना म्हणून. चुलत्यांच्या घरातली दोन बाळंतपणं मी केली होती, म्हणजे अंगाला लावणं, शेक, शेगडी, खाणंपिणं. माय म्हणाली, "बठ्ठं येस तुले. कसाले घाबरस?" सगळं येत असलं तरी मी सगळ्यालाच घाबरत होते. विमानाला, संडासाच्या साखळीला, एकोणीस वर्षांची पोर एकटी चालली म्हणून लोक काय म्हणतील याला. दाजींनी तिकिटाबरोबर पाठवलेली पत्त्याची चिठ्ठी मायनं माझ्या पोलक्याला पिनेनं लावून दिली होती आणि वाटेत मी ती दर थोड्या वेळानं चाचपून बघत होते. पेटीत डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणि ज्वारीचे पापड, बिबडे. कपडे कमी आणि माहेर जास्त.

आमच्या खालच्या मजल्यावर लेंट्झबाई राहत. विधवा, साठीच्या, हाडापेरानं मोठ्या, कायम निळा एप्रन बांधलेला. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घरामागच्या परसात नेलं, वाळक्या फांद्या जाळून झाल्यावर उरलेला विस्तव दाखवला आणि हातानं विचारलं, हा चालेल का? मी जाळाशिवाय कशी हैराण होते ते अक्कानं त्यांना सांगितलं असणार. त्या दिवशी नाक्यावरच्या तुर्की माणसाच्या दुकानातून वांगी आणून मी त्या विस्तवात भाजली आणि भरीत केलं. वांगी आपल्या भरताच्या वांग्यासारखी नव्हती. सडपातळ, काळपट, बिया जास्त. तरी लसूण-मिरची घालून आमच्याकडे बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, ठेचतात तसं ते लाकडी दांड्यानं ठेचलं. लेंट्झबाईंनी ते पावावर घेऊन खाल्लं, घाम पुसला, पाणी प्यायल्या आणि पुन्हा ताट पुढे केलं. त्यानंतर विस्तव केला की त्या खालून मला हाक मारत. मी आजारी पडले तेव्हा माझ्या उशाशी त्या सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या एप्रनच्या खिशात माझ्यासाठी नेहमी काहीतरी असे. सफरचंद, केसांची पिन, एकदा लोकरीचे मोजे. परक्या मुलुखात कुणी आपल्याला नुसतं नावानं हाक मारली तरी गहिवरून येतं, आणि ही बाई तर मला खाऊपिऊ घालत होती.

आणि त्याच दिवसांत तिकडे फुटबॉलची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा भरली. मला फुटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावर मुलं ज्याच्यामागे धावत तेवढाच ठाऊक. पण त्या गावात पाववाल्याच्या काचेवर खेळाडूंची चित्रं लागली, पोरं शेंगदाण्यांच्या पुड्या विकत घ्यावीत तशी चित्रांची पाकिटं विकत घेऊ लागली. रस्त्यानं माणसं टीव्हीची खोकी दोघादोघांत धरून, मयत उचलून न्यावं तशी, सांभाळून नेत. आमच्याकडे टीव्ही नव्हता. पहिले दोन सामने आम्ही लेंट्झबाईंकडे पाहिले. अक्का सोफ्यावर पाय वर घेऊन, दाजी खुर्चीच्या टोकावर आणि मी दाराशी. मला सारा वेळ गोलपाशी उभ्या असलेल्या माणसाचीच काळजी वाटायची. बाकीचे धावतात, पडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. हा एकटा, हात लोंबते सोडून, काहीतरी येणार आहे आणि ते आपल्यालाच अडवायचं आहे एवढं ठाऊक असलेला. मी दाजींना म्हटलं, "याला कुणी पाणी तरी देतं का हो?" ते इतके हसले की लेंट्झबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, त्यांना सांगितल्यावर त्याही हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

तिसरा सामना जर्मनीचा जर्मनीशी होता. मला ते समजेना. दाजी म्हणाले, "अगं, आपला खान्देश नाही का? नाना अजून काय म्हणतात? तुमचं जळगाव ते पूर्व खान्देश, आमचं धुळं ते पश्चिम. तसं हे. दोन भाऊ वेगळे झाले नि मधे भिंत घातली."

"मग बरं," अक्का म्हणाली, "आम्ही पूर्ववाले जिंकणार."

"तुम्ही पूर्ववाले फक्त भरीत करा," दाजी म्हणाले.

लेंट्झबाई मात्र त्या सामन्याचं नाव निघालं की काही बोलत नसत. एकदा त्यांनी टेबलावरच्या कापडावर बोटानं एक रेघ ओढली, रेघेच्या या बाजूला स्वतःच्या छातीवरून आणून हात ठेवला आणि त्या बाजूला एक फोटो ठेवला. चष्मेवाला, टक्कल पडलेला माणूस. त्यांचा भाऊ. मग कापड झटकलं आणि फोटो उचलून घेतला.

दाजींना कारखान्यातल्या मुकादमानं त्या सामन्याचं तिकीट दिलं. हॅम्बर्गला होता सामना, शनिवारी संध्याकाळी. अक्काचे दिवस भरायला अजून दोन-तीन आठवडे होते. दाजी नको नको म्हणत होते, पण अक्काच म्हणाली, "जा हो. जन्मात एकदा मिळायचं. आणि माझं माहेर आहे ना इथं." जाताना दाजी दारात मला म्हणाले, "काही वाटलं तर खाली जायचं. लेंट्झबाईंकडे फोन आहे, त्या दवाखान्याला कळवतील. बोलायची गरज नाही तुला. नुसतं दार वाजव. एवढंच." मी हो म्हटलं. एवढंच.

ते गेल्यावर मी भात टाकला, अक्काच्या पायाला तेल लावलं. उन्हाळ्यात तिकडे सूर्य बुडता बुडत नाही. साडेसात वाजत आले तरी खिडकीत ऊन. खाली रस्त्यावरची शेवटची दारं लागली आणि सामना सुरू झाला असणार, कारण भिंतीपलीकडून एका माणसाचा सतत बोलण्याचा आवाज यायला लागला. अक्का पडून होती. थोड्या वेळानं म्हणाली, "विमल, पोट कसंतरीच दुखतंय." मी ओवा दिला, शेकलं. कळ गेली, परत आली. मी म्हटलं, खाली जाऊ का? ती एकदम आपल्या बोलीवर आली, "थांब. कोनले बलावू नको इतक्यात." आमची अक्का मॅट्रिक झालेली, त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी. ती घाबरली की तिचं सगळं गळून खाली आमचं घरचं बोलणं उरायचं. मी थांबले. मग तिनं कूस बदलली आणि मला चादरीवर रक्त दिसलं. थोडंथोडकं नव्हतं. मी दोन बाळंतपणं पाहिली होती. हे कधी दिसतं आणि कधी दिसू नये हे मला ठाऊक होतं. मी रक्तानं भरलेले हात तसेच घेऊन जिना उतरले.

लेंट्झबाईंचं दार बंद होतं आणि आतून त्याच माणसाचा आवाज येत होता. मी हात वर केला, आणि तो वरच राहिला.

ते का झालं हे सांगायला मला पाचोऱ्याच्या बाजूला आमच्या आजोळी जायला हवं. मी सात वर्षांची असेन. गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. मग मरीआईचा गाडा काढला. एक लहानसा लाकडी गाडा, त्यात हिरवं पातळ, बांगड्या, लिंबाचा पाला, दहीभात. माणसं तो ओढत शिवेपार नेऊन ठेवतात, म्हणजे आजार त्याच्यात बसून जातो. गाडा निघाला की गावानं दारं लावून घ्यायची. चुली विझवायच्या. बोलायचं नाही, रडायचं नाही. आणि तिकडची सगळ्यात मोठी बंदी ही, की गाडा गावात असेपर्यंत कुणी कुणाच्या दारावर थाप मारायची नाही. ती ऐकत असते. ज्या दारावर थाप पडते, त्या घरात ती शिरते. अक्का आणि मी एका गोधडीत होतो, अक्काचा तळवा माझ्या तोंडावर. दिवस होता, ऊन होतं, आणि एवढं गाव रिकाम्या डब्यासारखं. तेवढ्यात शेजारच्या दारावर कुणीतरी थाप मारली. एक बाई होती, तिचं पोर गार पडत चाललं होतं, ती तरी काय करणार. दोन दिवसांत शेजारच्या त्या घरातली दोन माणसं गेली. पटकीत माणसं जातातच, हे मला आज कळतं. तेव्हाही कदाचित कळत असेल. पण कळणं डोक्यात असतं आणि थाप मारायची असते ती हातानं.

मी दारापुढून मागे फिरले आणि रस्त्यावर आले. रस्त्यावर कुणी माणूस भेटला तर त्याला दार नसतं, त्याला सांगितलं तर ते कुणाच्या घरात शिरणार नाही, असा माझा हिशोब. रस्त्यावर कुणी नव्हतं. तसा रस्ता मी त्यापूर्वी एकदाच पाहिला होता, आजोळी, गाडा जाताना दाराच्या फटीतून. सूर्य बुडाला होता पण उजेड गेला नव्हता; कशाचीच सावली पडत नव्हती. सायकली भिंतीला टेकवलेल्या, एका दारापुढं पोराचा लाल चेंडू, पाववाल्याच्या काचेतली चित्रातली माणसं. कुत्रंसुद्धा नाही. आणि प्रत्येक खिडकीत निळा उजेड, सगळ्या खिडक्यांत एकदमच थरथरणारा. एक खिडकी काळवंडली की सगळी ओळ काळवंडायची. त्या बोलणाऱ्या माणसाचा आवाज एका घरातून सुटला की पुढच्या घरानं उचललेला असायचा. मी चालत होते आणि त्याचं वाक्य तुटत नव्हतं. तो घराघरांतून माझ्याबरोबर चालला होता. मी नाक्यापर्यंत गेले. तुर्की माणसाचं दुकान बंद होतं, फळी खाली ओढलेली. तिथून परत वळले.

तेव्हा ते झालं. त्या माणसाचा आवाज चढला, चढत गेला, आणि सगळ्या घरांतून मिळून एकच आवाज निघाला. आरोळी नव्हती ती. एखाद्याच्या छातीवर मोठा दगड ठेवावा आणि आतला वारा बाहेर पडावा, तसा. आणि मग गाव गप्प झालं. आत लोक होते, उजेड होता, आणि तरी काही नाही. मला आता कुणीही सांगेल की पूर्वेकडच्यांनी गोल केला होता. दाजींनीही मला पुढं तो गोल किती वेळा समजावून सांगितला, कोण कुठून धावला, कुणाच्या डोक्यावरून चेंडू गेला. मी ऐकून घेते. पण मी तिथं रस्त्याच्या मधोमध उभी होते, हाताला बहिणीचं रक्त, आणि मला ठाऊक होतं की गाडा आता अगदी जवळून चालला आहे.

मी धावत घरात आले. जिन्याखालून वर कान दिला. अक्काचा आवाज नाही. कण्हणं नाही, हाक नाही. मी लेंट्झबाईंच्या दारापुढं परत उभी राहिले. आता मनात काय होतं ते खरं लिहायचं तर असं होतं: मरीआई वर आमच्याकडे शिरलीच आहे. मी थाप मारली की खाली शिरेल. अक्का वाचेल आणि ही बाई जाईल, जिनं मला विस्तव दिला, मोजे दिले. कुणाचं घर मोडून कुणाचं उभं करायचं हे माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या पोरीनं त्या दारापुढं ठरवायचं होतं. मी दारावरच्या लाकडातल्या रेघा बघत होते. त्या आजही काढून दाखवीन. वरून अजून काही आवाज नाही. मग मी मनात म्हटलं, बाई, माझ्यावर राग धरू नका, आणि दोन्ही मुठींनी दार ठोकलं. एकदा मारल्यावर मला थांबताच येईना. दार उघडलं तरी माझ्या मुठी चालूच होत्या, त्या त्यांच्या एप्रनवर पडल्या.

लेंट्झबाई रडलेल्या होत्या. मागे टीव्हीत माणसं हिरवळीवरून सावकाश चालत होती. त्यांनी माझे हात पाहिले, माझी मनगटं धरली, आणि त्यांच्या भाषेत काय तो एकच शब्द मोठ्यानं म्हणाल्या. मग फोनकडे गेल्या. फोनवर त्या ज्या आवाजात बोलल्या तो त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पिंप्राळ्यात पाण्याच्या पाळीवरून नाना असं ओरडत. फोन ठेवून त्या माझ्याआधी जिना चढून गेल्या. अक्का पांढरी पडली होती, डोळे उघडे, उशीचा कोपरा दातांत धरलेला. गाडी आली. रिकाम्या रस्त्यानं ती फार लवकर आली, असं नंतर सगळे म्हणाले. सामना नसता तर शनिवारची गर्दी लागली असती. दोघा माणसांनी तिला खुर्चीवर बांधून खाली नेलं. लेंट्झबाई माझ्याबरोबर गाडीत बसल्या, पायांत घरातल्याच सपाता, टीव्ही आणि दार तसंच उघडं टाकून.

दवाखान्यात पोट कापून मूल काढलं. मुलगी. मला काचेतून दाखवली; एवढंसं तोंड, मुठी आवळलेल्या. अक्काला बाहेरचं रक्त द्यावं लागलं. दाजी उजाडता उजाडता आले, गळ्यात कसलासा रुमाल, आणि डॉक्टरांशी बोलून येऊन माझ्यापुढं खाली फरशीवरच बसले. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. तू लगेच खाली गेलीस म्हणून." त्यांनी माझे पाय धरले. मोठा माणूस, बहिणीचा नवरा. मी पाय मागे घेतले. त्यांना वाटलं मी संकोचले.

पुढचे दिवस मी लेंट्झबाईंवर पाळत ठेवून होते. त्या शिंकल्या तरी मी हातातलं काम टाकून जिना उतरायचे. आठवड्यानं त्यांना खरंच ताप भरला. मी तीन दिवस दवाखाना आणि त्यांचं घर यांच्यात फिरत होते. बाजरीची पेज करून नेत होते, कपाळावर पट्ट्या ठेवत होते. चौथ्या दिवशी भल्या पहाटे मी एका पानात दहीभात घेतला, वर कुंकू टाकलं आणि गावाच्या टोकाला गेले. तिकडे गाव संपतं तिथं पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाचं नाव आणि नावावर एक तिरपी लाल रेघ मारलेली. यापेक्षा चांगली शीव मला कुणी दाखवली नसती. पाटीच्या पलीकडच्या बाजूला पान ठेवलं आणि मागे न बघता परत आले. ताप उतरला. लेंट्झबाई उठल्या आणि बाळासाठी विणायला बसल्या. त्या गेल्या त्याच वर्षीच्या थंडीत, मी जळगावला परतल्यावर. अक्काचं पत्र आलं. झोपेतच गेल्या, वय झालं होतं, असं तिनं लिहिलं होतं. वय झालं होतं हे खरं आहे. मी ते पत्र मायला वाचून दाखवलं आणि 'गेल्या' हा शब्द आला तिथं मला थांबावं लागलं.

पण त्याच्या आधी शेवटचा सामना झाला. अक्का बाळाला घेऊन नुकती घरी आली होती. पश्चिमवाले एका सामन्यात हरूनही पुढं शेवटापर्यंत पोचले होते. दुपारची वेळ होती. दाजी खाली लेंट्झबाईंकडे, त्या गोधडी पांघरून खुर्चीत. आम्ही बहिणी वर. मी अक्काला हळिवाची खीर देत होते. रस्त्यावरची दारं लागली, पोरं आत गेली, तो माणूस भिंतीपलीकडं बोलायला लागला. मी उठून खिडकी लावली. अक्कानं बघितलं. खेळ सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नसतील आणि गाव पुन्हा गप्प झालं. तसंच. दुसऱ्यांचा गोल झाला होता. आम्हाला ते माहीत होतं, दोघींनाही, तरी अक्काचा चमचा वाटीत तसाच राहिला.

मग ती बोलली, बोलीतच. "त्या दिनले मी आरोळीच मारी नही."

मी म्हटलं, "माहीत आहे. उशी दातांत होती तुझ्या."

"कळसाठी नही वं. माले वाटनं, तू थाप मारशी. म्हनीसन मी चूप ऱ्हायनी. मी आरोळी मारी असती तं तू लगेच जाती, आनि त्या बाईनं..." ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. एवढी शिकलेली अक्का, डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलणारी. तीही त्या संध्याकाळी आजोळच्या त्या गोधडीतच होती, फक्त तळवा तिनं या वेळी स्वतःच्या तोंडावर ठेवला होता. वर ती आणि खाली मी, दोघी एकाच बाईला वाचवत होतो, आणि त्या मधल्या जिन्यात ही पोटातली चिमुरडी हातची चालली होती.

"अक्का," मी म्हटलं, "मी लगेच नाही गेले."

"कितला येळ उभी व्हतीस दारशी?"

"एक भाकर भाजाले लागस तितला."

"खरं सांग."

भिंतीपलीकडचा माणूस बोलत होता. मी खिरीच्या वाटीकडे बघत म्हटलं, "तीन."

अक्कानं डोळे मिटले. मला वाटलं आता ती मला काही बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. मग तिनं वाटी माझ्या हातात दिली आणि बाळाला पदराखाली घेतलं.

"यास्ले एकच सांगजो," ती दाजींबद्दल म्हणाली.

तेवढ्यात खाली आरोळी उठली, घराघरांतून, खिडकीची काच हादरली; पश्चिमवाल्यांनी बरोबरी केली होती. दाजी जिन्यातून वर ओरडत होते, अगं ऐकलं का, ऐकलं का. बाळ दचकलं आणि रडायला लागलं, चांगलं सणसणीत, आणि आम्ही दोघी त्याला गप्प न करता ऐकत बसलो.

दाजींनी विचारलं तेव्हा मी एकच भाकर सांगितली. ते आता नाहीत, म्हणून इथं तीन लिहिते आहे.